बेलग्राद (स्लाव्हिक स्थलनाम)

बेलग्राद (अर्थ: 'पांढरे नगर' किंवा 'पांढरा किल्ला') हे स्लाव्हिक भाषांमधील एक जुने स्थलनाम आहे. मध्य, पूर्व व आग्नेय युरोपातील अनेक शहरे या नावाच्या वेगवेगळ्या रूपांनी ओळखली जातात. सर्बियाची राजधानी बेलग्रेड हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शहर होय. ही शहरे निरनिराळ्या काळी स्वतंत्रपणे वसली. त्यामुळे केवळ नामसाम्यावरून एका शहरातील लोकांनी दुसरे वसवले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

व्युत्पत्ती

नावाच्या पूर्वपदाचा अर्थ 'पांढरा' असा आहे, तर उत्तरपद तटबंदीने वेढलेल्या वस्तीचे वाचक आहे. मूळ स्लाव्हिक भाषेतील हे उत्तरपद दक्षिण स्लाव्हिक भाषांत 'ग्राद', रशियनमध्ये 'गोरोद', युक्रेनियनमध्ये 'होरोद' आणि पोमेरेनियातील बोलींत 'गार्द' असे झाले. सर्बियन व क्रोएशियन भाषांत अक्षराच्या शेवटी येणाऱ्या 'ल'चा 'ओ' झाल्याने सर्बियन लोक आपल्या राजधानीला 'बेओग्राद' म्हणतात.

प्रमुख स्थळे

* बेलग्रेड, सर्बिया: सावा व डॅन्यूब नद्यांच्या संगमावरील शहर. रोमन काळात याचे नाव सिंगिदुनुम होते. स्लाव्हिक नावाचा पहिला उल्लेख इ.स. ८७८ मधील पोप आठवा जॉन याच्या पत्रात आढळतो.
* बियोग्राद ना मोरू, क्रोएशिया: एड्रियाटिक किनाऱ्यावरील शहर. हंगेरीचा राजा कोलोमान याचा इ.स. ११०२ मध्ये क्रोएशियाचा राजा म्हणून येथे राज्याभिषेक झाला.
* बेल्गोरोद, रशिया: इ.स. १५९६ मध्ये सीमेवरील किल्ला म्हणून स्थापना.
* बिल्होरोद-द्निस्त्रोव्स्की, युक्रेन: निस्तर नदीच्या मुखाजवळील शहर, प्राचीन ग्रीक वसाहत तिरास येथेच होती.
* ब्याओगार्द, पोलंड: दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्मनीत असलेले हे शहर तेव्हा 'बेलगार्ड' या नावाने ओळखले जाई.
* बेरात, अल्बेनिया: आजचे नाव 'बेलिग्राद' या स्लाव्हिक रूपापासून आले आहे.

भाषांतरित रूपे

सत्ता बदलली तरी नावाचा अर्थ अनेकदा टिकून राहिला. बिल्होरोदला ओस्मानी तुर्कांनी 'अक्केरमान' व रोमेनियन भाषकांनी 'चेतातेआ आल्बा' म्हटले. या दोन्ही नावांचा अर्थ 'पांढरा किल्ला' असाच आहे. रोमेनियातील आल्बा युलिया हे शहर पूर्वी 'बल्ग्राद' म्हणून ओळखले जाई. इ.स. १६४८ मध्ये तेथे छापलेला रोमेनियन 'नवा करार' आजही 'बल्ग्रादचा नवा करार' या नावाने प्रसिद्ध आहे.

नामसाम्य व संदिग्धता

मध्ययुगीन लॅटिन लेखनात या नावाऐवजी बहुधा 'आल्बा' (पांढरी) हा शब्द येतो. त्यामुळे वेगळेपणा दाखवण्यासाठी विशेषणे जोडली गेली: बेलग्रेडला 'आल्बा ग्रेका' (ग्रीक), बियोग्रादला 'आल्बा मारितिमा' (सागरी), तर हंगेरीतील सेकेश्फेहेर्वारला 'आल्बा रेगिया' (राजेशाही). 'ना मोरू' (समुद्रावरील) आणि 'द्निस्त्रोव्स्की' (निस्तरकाठचे) ही आजची पदेही हेच कार्य करतात. जुन्या कागदपत्रांत असे विशेषण नसल्यास नदी, राजा व काळ यांच्या उल्लेखांवरूनच नेमके शहर ठरवावे लागते.