पुढाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांचा सत्कार

आपल्या तालुक्याच्या गावांत सत्कारांना तोटा नाही. निवडणूक जिंकली की सत्कार, कारखान्याच्या संचालक मंडळावर गेला की सत्कार, नुसती साठी उलटली तरी शाल आणि नारळ तयारच. याबद्दल आमची तक्रार नाही. हार घालणाऱ्याला आनंद होतो, घालून घेणाऱ्याला त्याहून होतो, आणि फुलवाल्याचेही चार पैसे होतात. आमचा प्रश्न निराळा आहे. पुढारीपण म्हणजे काय, ते माणसात येते कोठून, टिकते कशाने आणि जाते कसे, हे ज्याने आयुष्यभर कागदपत्रे चाळून लिहून ठेवले, त्या अभ्यासकाला आपण त्या खुर्चीवर कधी बसविले आहे काय?

अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र विद्याच झाली आहे. जेम्स मॅक्ग्रेगर बर्न्स नावाचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आधी अध्यक्ष रूझवेल्ट यांचे चरित्र लिहिले, आणि मग १९७८ साली नेतृत्व याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. १९९९ साली या विषयाच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. ती ज्येष्ठ अभ्यासकांना हयातभराच्या कामाबद्दल गौरविते. बर्न्स यांनी पुढारीपणाचे दोन प्रकार सांगितले. पहिला देवघेवीचा: तुम्ही मत द्या, आम्ही रस्ता देतो. दुसऱ्यात पुढारी आणि अनुयायी एकमेकांना वर उचलतात. दोघेही पूर्वीचे राहत नाहीत. युनियनच्या कामात हा फरक आम्हांला रोज दिसतो. बोनसची रक्कम वाढवून आणणे हा पहिला प्रकार; त्याची किंमत आम्ही कमी मानीत नाही, घरी चूल त्यावरच पेटते. परंतु जो कामगार कालपर्यंत मुकादमापुढे मान वर करीत नव्हता, तो आज भर सभेत उठून आम्हांलाच हिशेब विचारतो, तेव्हा काही निराळे घडलेले असते. त्याला दुसऱ्या प्रकारात घातले पाहिजे.

आपल्याकडे या विद्येला स्वतंत्र नाव मिळाले नाही. ती चरित्र या नावाने वाढली. धनंजय कीर घ्या. मुंबई महापालिकेच्या शिक्षण खात्यात कारकुनी करणारा हा माणूस. १९५० साली त्यांचे सावरकरांचे इंग्रजी चरित्र आले, १९५४ साली आंबेडकरांचे. पुढे टिळक झाले, फुले झाले, गांधी आणि शाहू महाराजही झाले. ही नावे एका दमात उच्चारली तर आजही सभेत खुर्च्या हलतील. एकाच लेखणीने इतक्या परस्परविरोधी पुढाऱ्यांकडे जावे आणि प्रत्येकाच्या दारात आदराने उभे राहावे, हे सोपे नाही. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. कारकुनाच्या टेबलावरून तेथवर जाण्याचा हा मार्ग आमच्यासारख्या, शाळा अर्धवट सुटलेल्या आणि पुढे वाचनालयात शिकलेल्या माणसांना विशेष जवळचा वाटतो.

चांगदेव खैरमोडे यांच्या वाट्याला तसा सन्मान आला नाही. त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र मराठीत लिहिण्यास घेतले. पहिला खंड १९५२ साली निघाला. एकूण खंड बारा. खैरमोडे १९७१ साली वारले, आणि कित्येक खंड त्यांच्या माघारी छापले गेले. त्यामागे त्यांच्या पत्नी द्वारकाबाई यांची खटपट होती. आजचा कोणताही अभ्यासक बाबासाहेबांविषयी लिहू लागला की त्याला या बारा खंडांकडे यावेच लागते. कीरांना पदक ज्या वर्षी मिळाले, त्याच वर्षी खैरमोडे गेले, ही गोष्ट आम्हांला बोचते.

तिसरे नाव आपल्याच जिल्ह्याचे. य. दि. फडके यांचा जन्म १९३१ च्या जानेवारीतला, सोलापूरचा. त्याच महिन्याच्या १२ तारखेला सोलापूरच्या मार्शल लॉ प्रकरणातील चार जणांना येरवड्यात फाशी दिले गेले: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत काम करणारे, 'गझनफर' पत्र चालविणारे तरुण. आमच्या धंद्यातलेच म्हणा ना. अशा महिन्यात, अशा शहरात जन्मलेल्या फडक्यांनी पुढे विसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास आठ खंडांत लिहिला, केशवराव जेध्यांचे चरित्र लिहिले, सावरकरांचा शोध घेतला. त्यांची रीत अशी की दंतकथा कानावर आली की तिचा कागद मागायचा. कागद नसेल तर ती कितीही गोड असो, बाजूस सारायची. अशा माणसाला अनुयायांचे प्रेम कसे मिळणार? तरीही २००० साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, हे महाराष्ट्राने चांगले केले. २००८ साली ते वारले.

अभ्यासकाची खरी अडचण येथेच आहे. पुढाऱ्याला भक्त असतात. अभ्यासकाला वाचक असतात, आणि भक्त त्या वाचकांवर डोळा ठेवून असतात. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला बाबासाहेबांनी व्याख्यान दिले, ते या बाबतीत मुळातून वाचावे. थोर पुरुष म्हणावे कोणाला, नुसता प्रामाणिकपणा पुरतो की बुद्धीही लागते, आणि या दोहोंवर सामाजिक हेतू नसेल तर काय उरते, याची त्यांनी चिरफाड केली. विभूतिपूजेवर तर त्यांनी कडक कोरडे ओढले. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांच्याच जयंतीला हे बोलले जावे, यात औचित्य होते. आपण ज्या मांडवात बसतो त्याचे मूळ तेथलेच.

आता आमच्या क्षेत्राकडे येतो. कामगार चळवळीचा अभ्यास करणारे आपल्याकडे थोडे. व्ही. बी. कर्णिक स्वतः युनियनचे कार्यकर्ते; त्यांनी १९६० साली भारतातील कामगार संघटनांचा आढावा लिहिला आणि १९७२ साली ना. म. जोशी यांचे चरित्र. नारायण मेघाजी लोखंडे यांना मनोहर कदमांनी पुन्हा उजेडात आणले. नाहीतर १८९० साली गिरण्यांना मिळालेल्या रविवारच्या सुटीमागे कोण होते, हे सुटी उपभोगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

आणि १९८२ चा मुंबईचा गिरणी संप. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९४६ च्या कायद्याने एका उद्योगात एकच प्रतिनिधी संघटना मानली जाई. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता, पण दुसरीला कायद्यात दार नव्हते. म्हणून ते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरून गेला. त्यावर अजूनही दोनच वाक्ये ऐकू येतात: डॉक्टर देव होते, किंवा डॉक्टरांनी बुडविले. या दोहोंच्या मध्ये काय होते, हे कामगारांना गाठून, प्रश्न विचारून लिहिले ते व्हॅन वेर्श नावाच्या डच अभ्यासकाने, १९९२ साली. तो ग्रंथ इंग्रजीत आहे. ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्यापैकी कितीकांनी तो हाती घेतला असेल? पुढे २००४ साली मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या शंभर जणांचे आवाज नोंदविले. ही माणसे नसती तर आमच्या हाती फक्त घोषणा उरल्या असत्या. पुढचा संप करणाऱ्याला घोषणा पुरत नाहीत. कोठे थांबायला हवे होते, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगणारा अनुयायी नसतो.

म्हणून सत्कार करावयाचा तर तो अभ्यासकाच्या उपयोगी पडेल असा करावा. त्याला कागद लागतात. एका गावी एका संघटनेच्या जुन्या इतिवृत्तांची पोती रद्दीत गेल्याचे आम्ही पाहिले आहे. कार्यालयाला रंग द्यायचा होता, एवढेच कारण. त्या किलोच्या भावात चाळीस वर्षांचे पुढारीपण विकले गेले. करमाळ्यात सहकारी सोसायट्या आहेत, हमालांच्या, शिक्षकांच्या संघटना आहेत, उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनासाठी झगडलेली माणसे आहेत. त्यांच्या ठरावांच्या वह्या, हस्तपत्रके, तुरुंगातली पत्रे कोणाच्या तरी माळ्यावर असतीलच. आमच्याकडे १९९४ पासूनच्या सभांच्या अकरा वह्या आहेत. त्यांत आमच्यावर झालेली टीका जशीच्या तशी लिहिलेली आहे. ग्रंथालयाने एक कपाट मोकळे करून दिले तर पावसाळ्याआधी त्या आम्ही आणून ठेवू.