रायन नेमके कुठले? आयरिश आडनाव, जुने कागद आणि डीएनए

आज आपण एका आडनावाचा माग काढणार आहोत. आडनाव आहे रायन.

समजा, ऑस्ट्रेलियात राहणारा एक रायन आहे. त्याचा पूर्वज १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात आयर्लंड सोडून निघाला. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देशाबाहेर गेली. पूर्वजाच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून एकच शब्द आहे, 'आयर्लंड'. गाव नाही, परगणा नाही. या माणसाच्या हातात आता दोन गोष्टी उरतात: आडनाव, आणि शरीरातलं वाय गुणसूत्र. दोन्ही बापाकडून मुलाकडे येतात. मग दोन्ही एकच गोष्ट सांगत असणार, असं वाटणं साहजिक आहे. तसं ते असतं का, हा आजचा विषय.

आधी आडनावाकडे बघू. आपल्याकडच्या पुष्कळ आडनावांमागे गाव असतं, ते 'कर' वाले आपण सगळे ओळखतो. जुन्या आयरिश आडनावामागे मात्र माणूस असतो. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. ओब्रायन हे ब्रायन बोरू या राजाचे वंशज. हा राजा १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. म्हणजे ही आडनावं हजार वर्षांच्या घरातली. वडिलांकडून येणारी इतकी जुनी आडनावं जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात.

पण इंग्रजी अंमलात ही नावं इंग्रजी कानांनी लिहिली गेली. 'ओ' आणि 'मॅक' गळाले. काहींचं तर भाषांतरच झालं. कॅव्हन भागात 'लोहाराचा मुलगा' अशा अर्थाचं आयरिश आडनाव होतं, त्याचं सरळ स्मिथ झालं. आता त्या स्मिथला बघून कुणाला वाटेल की हा आयरिश आहे?

आपल्या रायनचंही तसंच. टिपररी आणि लिमरिक यांच्या सीमेवरचं एक घराणं आयरिशमध्ये 'ओ मीलरिअन' होतं, त्याचं मुलरायन झालं आणि पुढे नुसतं रायन. तिकडे पूर्वेला कार्लो परगण्यात 'ओ रिअन' नावाचं वेगळंच घराणं होतं, तेही रायन झालं. दोन नद्या एका नावात मिसळल्या. आज कागदावर 'रायन' वाचून नदी कोणती ते कळत नाही. पहिलं घराणं फार मोठं, म्हणून बहुतेक रायन तिथलेच. पण 'बहुतेक' म्हणजे 'आपला' नव्हे.

मग कागद शोधायचे. आयर्लंडमध्ये इथेच माणूस अडतो. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ पूर्ण जळाल्या. १८६१ आणि १८७१ च्या सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या, आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धात रद्दीत गेल्या. शाबूत राहिल्या त्या १९०१ आणि १९११ च्या, आणि त्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर फुकट ठेवल्यात. जळालेल्या कागदांच्या इतरत्र राहिलेल्या नकला जमवून ते दफ्तर पुन्हा उभं करण्याचं मोठं काम झालं आहे, २०२२ पासून तेही ऑनलाइन बघता येतं.

मधल्या पोकळीत दोन आधार आहेत. एक, १८४७ ते १८६४ या काळातली ग्रिफिथची जमीन-मोजणी. तीत जमीन कसणाऱ्याचं नाव वाडीनिहाय मिळतं, आणि अशा वाड्या आयर्लंडमध्ये ६०,००० हून जास्त आहेत. दुसरा आधार कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, धर्मपालकांची नावंही असतात. धर्मपालक बहुधा नात्यातले, म्हणून आमचा सल्ला असा की ती नावं कधी सोडू नका. मूळ नाव हरवलं तरी ही आजूबाजूची माणसं वाडीपर्यंत पोचवतात.

कागद संपले की डीएनए. वाय गुणसूत्र पोथीसारखं आहे असं समजा. प्रत्येक पिढीत बाप त्याची नक्कल मुलाला देतो. नक्कल करताना क्वचित एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. दोन पोथ्यांत सारख्याच चुका दिसल्या, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या. चुकांत किती फरक आहे यावरून मूळ प्रत किती जुनी, याचा अंदाज येतो. अंदाजच हं, तारीख नव्हे.

बाजारात जास्त खपते ती दुसरी चाचणी, सगळ्या पूर्वजांचा एकत्र डीएनए बघणारी. तिचा पल्ला कमी. प्रत्येक पिढीत वाटा साधारण निम्मा होतो. समान खापरपणजोबा असलेली भावंडं तीत सहसा सापडतात, त्यापुढे हुकायला लागतात. हजार वर्षांच्या आडनावासाठी वायच हवं.

आता मुख्य मुद्दा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४३ आयरिश आडनावांच्या १,१२५ पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं. निष्कर्ष २००६ मध्ये आले. एकाच आडनावाच्या दोन पुरुषांचं वाय जुळण्याची शक्यता सरासरी ३० पट जास्त निघाली. म्हणजे आडनाव खोटं बोलत नाही. रायन आणि ओसलिव्हन यांच्यात एक मुख्य मूळपुरुष दिसला, तर मर्फी आणि केली यांच्यात अनेक. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली: तपासलेल्या एकाही आडनावात सुमारे निम्म्यांहून जास्त लोक एका मूळपुरुषाचे नव्हते.

हे ऐकून लोक दचकतात. लगेच कुणाच्या तरी पणजीकडे बोट जातं. जरा हिशेब करू. नऊशे वर्षं म्हणजे साधारण ३० पिढ्या. समजा, दर पिढीत शंभरातल्या फक्त दोघांच्या बाबतीत आडनाव एकीकडे आणि वाय दुसरीकडे गेलं. तीस पिढ्यांनंतर अखंड साखळी उरते ५५ जणांची. शंभरातले दोन, बस. आणि त्या दोनांमागे लफडंच हवं असं नाही. दत्तक मूल असेल, दुष्काळात अनाथ झालेलं पोर मामाच्या घरी वाढलं असेल, अविवाहित आईने स्वतःचं आडनाव दिलं असेल, सासरच्या जमिनीवर राहिलेल्या जावयाने सासऱ्याचं नाव घेतलं असेल, किंवा एखाद्या कुळाच्या आश्रयाला आलेल्याने सरदाराचं नाव लावलं असेल. म्हणून वाय जुळलं नाही तर आपला रायन 'खोटा' ठरत नाही. फक्त शोधायचं काय ते बदलतं: साखळी कधी आणि कुठे वळली?

दुसऱ्या टोकाचा मोहही सांगायला हवा. त्याच साली ट्रिनिटीचाच आणखी एक अभ्यास गाजला. वायव्य आयर्लंडमधल्या साधारण दर पाच पुरुषांत एकाचं वाय एका जवळच्या गटातलं निघालं, आणि नायल या पाचव्या शतकातल्या राजाशी ते जोडलं गेलं. मग 'तुम्ही राजाचे वंशज आहात' अशा जाहिराती आल्या. पुढच्या काळगणनेत त्या गटाची खूण नायलच्या बऱ्याच आधीची निघाली. ती खूण असलेला माणूस नायलचा वंशज असू शकतो, पण नुसत्या खुणेवरून तसं म्हणता येत नाही.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: 'मला भाऊ नाही, मग मी माहेरच्या आडनावाची चाचणी कशी करू?' बाईंच्या शरीरात वाय नसतं, तेव्हा वडील, काका किंवा चुलतभाऊ यांना विचारावं लागेल. विचारताना पूर्ण सांगा. त्यांनी दिलेली लाळ त्यांच्या मुलांबद्दल आणि भावांबद्दलही बोलणार आहे, आणि ज्यांना काही जाणून घ्यायचं नाही तेही त्यात ओढले जाणार. आम्ही तर म्हणू, निकाल मनासारखा आला नाही तर काय करायचं, ते पाठवण्याआधीच घरात बोलून घ्या.

आणि शक्यतो एका माणसावर थांबू नका. दूरच्या दोन शाखांतले दोन पुरुष तपासा. दोघे जुळले तर त्यांच्या समान पूर्वजापर्यंतची साखळी पक्की. मग टिपररीत जाऊन वाडी शोधायची. तिथे मात्र वेगळीच अडचण उभी राहते. एका गावात इतके रायन, की ओळखायला प्रत्येक घराला टोपणनाव लागतं. कुणी 'बान', म्हणजे गोरे रायन, कुणी एखाद्या आजोबाच्या नावाचे रायन. नोंदवहीत आडनावापुढे कंसात असा शब्द दिसला, तर तो आधी उतरवून घ्या. तारीख नंतर.