सव्वासात टक्क्यांची तूट

सिलिका ४६.२०, ॲल्युमिना १६.३९, लोहाचा ऑक्साइड ०.८६, पोटॅश १६.५१, सोडा १०.४७, पाणी २.३२. सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या खाण अकादमीत कार्ल फ्रीड्रिश प्लाटनर यांनी एका खनिजाचं पृथक्करण करून हा तक्ता १८४६ साली छापला. बेरीज येते ९२.७५. शंभरातले सव्वासात भाग गेले कुठं, याचं उत्तर तक्त्यात नाही.

ज्योतीच्या रंगावरून मूलद्रव्य ओळखण्याच्या इतिहासाचं मला फार वर्षांपासून वेड आहे. हा इतिहास सांगताना सगळे हायडेलबर्गच्या बुन्सेन आणि किर्खहॉफ यांच्यापाशी येऊन विसावतात. मी मात्र जिथं तिथं या न जुळलेल्या बेरजेकडेच परत येतो. ज्याचा डोळा ज्योत वाचण्यात त्या काळी सर्वांत तयार होता, त्याच माणसाची ही बेरीज आहे.

प्लाटनर यांचं हत्यार म्हणजे फुंकनळी. सोनार दागिन्याला डाग देताना फुंकणीनं ज्योत वळवतो, तीच युक्ती. कोळशाच्या तुकड्यावर खनिजाचा कण ठेवायचा, दिव्याची ज्योत नळीनं फुंकून त्यावर नेमकी सोडायची आणि बघत राहायचं: कण वितळतो का, कोळशावर कसली पुटी धरते, ज्योतीची कड कोणत्या रंगाची होते. टाकणखाराच्या मण्यात कण विरघळवला की कोबाल्ट असेल तर मणी निळा होतो, मँगनीज असेल तर जांभळा. स्वीडनच्या बर्झेलियस यांनी ही विद्या नावारूपाला आणली होती. पण ती ‘काय आहे’ एवढंच सांगे. ‘किती आहे’ हे सांगत नसे. फ्रायबर्गमध्ये हार्कोर्ट नावाच्या माणसानं १८२७ मध्ये चांदीपुरती ती मोजमापाची केली आणि मग तो मेक्सिकोला निघून गेला. पुढचं काम प्लाटनर यांनी उचललं. शिसं, तांबं, सोनं, निकेल अशा एकेका धातूचं प्रमाण चिमूटभर खनिजातून काढण्याच्या रीती त्यांनी बसवल्या आणि १८३५ साली त्यांचा ग्रंथ आला. खाणीखाणींत तो वापरला गेला. तोंडानं अखंड फुंकत, श्वास नाकानं घेत तासन् तास ज्योत स्थिर धरायची, हे कसब हाताला आणि गालाला यायला वर्षं लागतात. म्हणून या माणसाच्या कोष्टकातल्या तुटीला हलगर्जीपणा म्हणायला मी तयार नाही.

खनिज आलं होतं एल्बा बेटावरून. तिथल्या ग्रॅनाइटात दोन रंगहीन खनिजं एकमेकांच्या सोबतीनं सापडली. प्लाटनर यांचे सहकारी ब्राइटहाउप्ट यांनी त्यांना ग्रीक पुराणातल्या जुळ्या भावांची नावं दिली: कॅस्टर आणि पोलक्स. कॅस्टरमध्ये लिथियम निघालं. त्याच्या किरमिजी ज्योतीचा कुणालाच संशय येत नाही. पोलक्सनं मात्र गुंगारा दिला.

आता ज्योतीची अडचण. सोडियमची पिवळी आणि पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत यांतला फरक बर्लिनच्या मार्गग्राफ यांनी अठराव्या शतकातच वापरात आणला होता. पण सोडियम दांडगं. ते किंचितही असलं तरी त्याच्या पिवळ्यात बाकीचे रंग बुडून जातात. इंग्लंडचे टॅल्बट १८२६ मध्ये या पिवळ्यानं इतके चकले, की मीठ नसलेल्या ठिकाणीही तो दिसतो म्हणून त्यांनी पाण्यावर संशय घेतला. मिठाचा नुसता अंशही पुरतो हे तीसेक वर्षांनी विल्यम स्वान यांनी दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. पोलक्समध्ये सोडियम आहेच. आणि पिवळ्यामागचं जांभळं कसंबसं दिसलं, तरी नुसत्या डोळ्याला ते पोटॅशियमपेक्षा वेगळं कळणं जवळजवळ अशक्य.

मग पृथक्करणाची रीत उरते. द्रावणात प्लॅटिनम क्लोराइड घातलं की पोटॅशियम पिवळ्या साक्याच्या रूपात खाली बसतं. साका सुकवून तोलायचा आणि त्यावरून पोटॅशचं वजन काढायचं. साका बसला. तराजूनं वजन खरं सांगितलं. चूक झाली ती हिशेबाच्या पायरीवर, आणि ती त्या वेळी कुणाकडूनही झालीच असती. साक्यात पोटॅशियम आहे असं धरलं तर एका अणूचा भार ३९ घ्यायचा. प्रत्यक्षात तिथं बसलं होतं १३३ अणुभाराचं दुसरंच काही. म्हणजे धातूचा जवळजवळ साडेतीनपट वजनदार अणू हलका समजून मोजला गेला. सव्वासात टक्के कुठंही सांडले नव्हते. ते त्या साक्यातच होते.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक असल्यानं थोडक्यात सांगतो. बुन्सेन यांना स्वतःचा रंगहीन ज्योतीचा दिवा मिळाला होता आणि ते रंगीत काचांतून, निळीच्या द्रावणातून ज्योती न्याहाळत होते. किर्खहॉफ यांनी लोलक सुचवला. लोलकातून गेल्यावर रंग हा रंग राहत नाही, त्याची जागा ठरते. मग पिवळा कितीही दांडगा असो, तो आपल्या रेषेवरच बसतो आणि शेजारच्याला झाकत नाही. याच उपकरणानं एका मिलिग्रॅमचा तीस लाखावा भाग इतकं सोडियमही ओळखता येतं, हे त्यांनी दाखवलं. १८६० मध्ये ड्यूर्कहाइमच्या खनिज पाण्याच्या अर्कात पूर्वी कुणी न नोंदवलेल्या दोन निळ्या रेषा दिसल्या आणि सीझियम हाती आलं. पुरेसा क्षार मिळावा म्हणून चव्वेचाळीस हजार किलोंहून अधिक पाणी आटवावं लागलं. सीझियम क्लोराइड निघालं सात ग्रॅमच्या आसपास.

हा आकडा वाचला की मला पोलक्सची आठवण येते आणि वाईट वाटतं. हायडेलबर्गला टनावारी पाणी आटवून जे चिमूटभर मिळालं, ते फ्रायबर्गच्या टेबलावरच्या दगडात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं भरलेलं होतं. पॅरिसच्या फेलिक्स पिसानी यांनी १८६४ मध्ये पोलक्सचं पृथक्करण पुन्हा केलं, तेव्हा सीझियमचा ऑक्साइड ३४.०७ टक्के आला. प्लाटनर यांचे आकडे सीझियम धरून पुन्हा मांडले की तूट नाहीशी होते. हे ऐकायला ते नव्हते. सीझियम सापडण्याच्या दोन वर्षं आधी, जानेवारी १८५८ मध्ये ते वारले होते.

त्याच फ्रायबर्गमध्ये १८६३ साली भौतिकीचे प्राध्यापक फर्डिनांड राइश जस्ताच्या खनिजात थॅलियमची हिरवी रेषा शोधत होते. राइश रंगांध होते. रेषा बघायला त्यांनी थिओडोर रिख्टर यांना बसवलं. हिरवी रेषा दिसलीच नाही. दिसली गडद निळी, आणि ते निघालं इंडियम. पुढे या शोधाचे आपण एकटेच धनी आहोत असा दावा रिख्टर यांनी केला आणि दोघांत बेबनाव झाला. माझं मत राइश यांच्या बाजूला आहे. रेषा बघणारा डोळा रिख्टर यांचा असला, तरी त्या खनिजाकडे वळण्याचं कारण राइश यांचं होतं. प्लाटनर यांच्या ग्रंथाची १८६५ ची आवृत्ती सुधारून काढली ती याच रिख्टर यांनी, हे इथं नमूद करायला हवं.

तुटीची गोष्ट फ्रायबर्गला आणखी एकदा घडली. १८८५ मध्ये जवळच्या खाणीतून अर्जिरोडाइट नावाचं चांदीचं नवं खनिज आलं. क्लेमेन्स विंकलर यांनी ते तपासलं. बेरीज पुन्हा पुन्हा त्र्याण्णवच्या घरात, म्हणजे तूट साधारण सात टक्के. प्लाटनर यांच्याइतकीच. पण विंकलर यांच्या काळी अशा तुटीकडे कसं बघावं हे बदललं होतं: सीझियम सापडून पंचवीस वर्षं झाली होती आणि मेंडेलीव यांनी आपल्या सारणीत रिकाम्या जागा राखून ठेवल्या होत्या. विंकलर तुटीच्या मागे हात धुऊन लागले आणि ६ फेब्रुवारी १८८६ रोजी जर्मेनियम हाती आलं.

संदर्भग्रंथांत प्लाटनर यांचा उल्लेख बहुधा ‘सीझियम ज्यांच्या हातून निसटलं ते’ असा एका ओळीत येतो. मला तो पटत नाही. सव्वासात टक्के लोह, पाणी आणि सोड्यात थोडे थोडे वाटून बेरीज शंभरच्या जवळ आणणं कठीण नव्हतं. त्यांनी ९२.७५ छापलं. सीझियम नंतर तपासता आलं ते त्या खरेपणामुळे. आज जगातलं बहुतेक सीझियम ज्या खनिजातून काढतात, ते हेच पोलक्स. आता त्याला पोल्युसाइट म्हणतात.