जपानची वेगवान आगगाडी

इ. स. १८५३ च्या एप्रिल महिन्यांत बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, त्या वेळीं जपान देशांत लोहमार्गाचा एक रूळही पडलेला नव्हता. तेथील पहिली गाडी धांवली ती १८७२ सालीं, तोक्यो शहरांतील शिंबाशी व योकोहामा बंदर यांच्या दरम्यान. अंतर अवघें २९ किलोमीटर. इंजिनें विलायतेहून आणलेलीं, आणि कामाची आखणी करणारा एडमंड मॉरेल हाही इंग्रजच. बिचारा गाडी सुरू झालेली पाहण्यापूर्वींच वारला. एकोणीस वर्षें मागाहून निघालेल्या या शिष्यानें पुढें साऱ्या जगास वेगाचा धडा द्यावा, ही कानामागून येऊन तिखट झाल्याचीच गोष्ट होय.

पहिल्याच मार्गाच्या वेळीं दोन रुळांमधील अंतर साडेतीन फूट ठरविण्यांत आलें. आपल्याकडील रुंद मार्गाचें हेंच अंतर साडेपांच फूट आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे जपानचा मार्ग किती अरुंद होता याची कल्पना येईल. देश डोंगराळ आणि तिजोरी रिकामी. तेव्हां अरुंद मार्ग स्वस्त पडला. परंतु अशा मार्गावरून मोठी गाडी फार वेगानें हांकणें म्हणजे अरुंद पायावर उंच शिडी उभी करण्यासारखें आहे. मार्ग रुंद करावा असें म्हणणारा एक पक्ष तेथें होता व यासुजिरो शिमा हा एंजिनियर त्यांतील प्रमुख होता. पण मंत्रिमंडळ बदललें कीं बेत बारगळे. अखेर १९४० सालीं तोक्योपासून शिमोनोसेकीपर्यंत सर्वस्वी नवा रुंद मार्ग बांधण्याची योजना मंजूर झाली. ‘बंदुकीच्या गोळीची गाडी’ हें नांव तेव्हांचेंच. कांहीं बोगद्यांचें खोदकामही सुरू झालें. परंतु युद्धानें पैसा, लोखंड व माणसें ओढून नेलीं आणि काम थांबलें.

युद्ध संपलें तेव्हां जपानला विमानें बांधण्याची मनाई झाली. विमानविद्येंतील कुशल मंडळी एका रात्रींत बेकार झाली. त्यांतील कित्येकांना रेल्वेच्या संशोधनसंस्थेनें आश्रय दिला. तादानाओ मिकी यानें आरमारासाठीं बाँबफेकी विमान तर काढलेंच होतें, पण वैमानिकासह शत्रूच्या जहाजावर जाऊन आदळणारें ‘ओका’ हें भयंकर यंत्रही त्याच्याच देखरेखीखालीं तयार झालें होतें. युद्धाच्या कामीं येणारें कांहींही यापुढें करावयाचें नाहीं, असें ठरवून तो आगगाडीकडे वळला व वारा कापीत जाणाऱ्या डब्याचा आकार शोधूं लागला.

दुसरा, तादाशी मात्सुदाइरा, याचें काम तर अधिकच नाजूक होतें. लढाऊ विमानाचे पंख विशिष्ट वेगाला फडफडून कां मोडतात याचा त्यानें अभ्यास केला होता. आगगाडीच्या चाकाची धार सपाट नसते. ती बाहेरच्या अंगास किंचित् निमुळती असते. त्यामुळें चाकांची जोडी रुळांच्या मधोमध आपोआप येते व वळणावर सहज वळते. परंतु हाच गुण वेगांत दोष होतो. मध्यावर येतां येतां जोडी जरा पलीकडे जाते, तेथून परत येतांना अलीकडे झुकते. वेग वाढला कीं हे हेलकावे शमण्याऐवजीं वाढतात आणि शेवटीं गाडी रुळांवरून घसरते. जुन्या एंजिनियरांची समजूत अशी कीं, दोष वांकड्या रुळांचा आहे. मात्सुदाइरा म्हणाला कीं रूळ कितीही सरळ ठेवा, हा थरथराट गाडी स्वतःच निर्माण करते. तो विमानाच्या पंखाच्या जातीचाच आहे. फिरत्या रुळांवर चाकें पळवून त्यानें तें दाखवून दिलें. मग चाकांच्या जोडीस योग्य तितकाच आवर घालणाऱ्या कमानी व डबा झेलणाऱ्या हवेच्या उशा बसवून तो थरथराट पुष्कळ पलीकडच्या वेगापर्यंत हटविण्यांत आला. साऱ्या वेगवान गाडीचें मर्म येथें आहे. नुसतें जोरदार इंजिन कोणीही लावील.

१९५७ च्या मे महिन्यांत या मंडळींनीं तोक्योमध्यें जाहीर व्याख्यानें दिलीं, आणि तोक्योहून ओसाका तीन तासांत गांठतां येईल असें सांगितलें. तेव्हां या प्रवासास सुमारें साडेसात तास लागत. ऐकणाऱ्यांस तें कादंबरीसारखें वाटलें असल्यास नवल नाहीं, कारण विमानें व मोटारी यांपुढें आगगाडीचे दिवस भरले, असेंच तेव्हां सर्वत्र मानीत.

तसें न मानणारा एक वृद्ध मात्र राष्ट्रीय रेल्वेच्या अध्यक्षपदीं बसला होता. शिंजी सोगो हा १९५५ सालीं अध्यक्ष झाला तेव्हां एकाहत्तर वर्षांचा होता. यासुजिरो शिमाचा मुलगा हिदेओ शिमा हा मोठा एंजिनियर १९५१ सालीं एका भीषण अपघातानंतर नोकरी सोडून गेला होता; त्यास सोगोनें आग्रहानें परत आणलें. बापाचें अपुरें काम लेकाच्या हातीं आलें. सोगोनें खर्चाचा अंदाज सुमारें दोनशें अब्ज येन असा मुद्दाम कमी करून सांगितला; खरा आंकडा ऐकतांच कायदेमंडळ योजना फेंकून देईल हें तो जाणून होता. शिवाय जागतिक बँकेकडून १९६१ सालीं आठ कोटी डॉलर कर्ज काढलें. रक्कम एकूण खर्चाच्या मानानें थोडी, पण तिच्यामुळें सरकार वचनांत अडकलें. युक्ति नामी खरी. सरळ मात्र म्हणतां येणार नाहीं. प्रत्यक्ष खर्च सुमारें ३८० अब्ज येनपर्यंत गेला, आणि १९६३ सालीं सोगोला पद सोडावें लागलें. त्याच्या मागोमाग शिमानेंही राजीनामा दिला. १ ऑक्टोबर १९६४ रोजीं, ऑलिंपिक सामन्यांच्या नऊ दिवस आधीं, ५१५ किलोमीटरांचा मार्ग खुला झाला. त्या समारंभास या दोघांना बोलावणें नव्हतें.

हा मार्ग जुन्या रुळांस कोठेंही मिळत नाहीं. रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर, वळणें विस्तीर्ण, आणि रस्ता ओलांडण्याचें फाटक एकही नाहीं. पुढें एकच अवजड इंजिन जोडण्याऐवजीं डब्यांखालींच विजेच्या मोटारी वांटून दिल्या. त्यामुळें रुळांवर एके ठिकाणीं भार पडत नाहीं. ताशीं २१० किलोमीटर वेगांत चालकास मार्गाकडेचा सिग्नल नीट दिसणेंच शक्य नाहीं. म्हणून मर्यादा त्याच्या समोरच्या फळीवर उमटते, व ती ओलांडल्यास गाडी आपोआप मंदावते. याच पद्धतीवर आतां मुंबई व अहमदाबाद यांमधील ५०८ किलोमीटरांचा मार्ग बांधण्यास घेतलेला आहे. त्याची कोनशिला २०१७ सालीं बसली.

वेगाची किंमत शेजाऱ्यांस मोजावी लागली. नागोया येथें मार्गालगतच्या रहिवाशांनीं १९७४ सालीं आवाज व हादरे यांविरुद्ध दावा लावला. तो तडजोडीनें मिटावयास १९८६ साल उजाडलें. बोगद्यांत शिरणारी गाडी समोरची हवा दाबीत नेते आणि ती दुसऱ्या तोंडाशीं तोफेसारखी फुटते. एइजी नाकात्सु या पक्षिप्रेमी एंजिनियरानें पाण्यांत बुडी मारणाऱ्या खंड्याची चोंच पाहिली, आणि १९९७ सालीं ताशीं ३०० किलोमीटर धांवूं लागलेल्या गाडीस तसेंच लांब नाक दिलें.

भूकंपाची योजना अशी कीं, धरणीकंपाची पहिली सौम्य लाट यंत्रांना कळतांच वीज तोडली जाते व विध्वंसक लाट येईपर्यंत गाडी मंदावलेली असते. २०११ च्या महाभूकंपांत उतारूंनीं भरलेली एकही वेगवान गाडी रूळ सोडून गेली नाहीं. २००४ सालीं नागाओकाजवळ मात्र एक गाडी घसरली होती. दैवानें कोणी दगावलें नाहीं. टक्कर किंवा घसरण होऊन या मार्गावर १९६४ पासून एकही उतारू मेलेला नाहीं.

याचें श्रेय केवळ यंत्रांस देणें अन्यायाचें होईल. तोक्यो स्थानकांत गाडी येते, आणि सफाई करणारी मंडळी सात मिनिटांत सारे डबे झाडून-पुसून, आसनें फिरवून, फलाटावर ओळीनें उभी राहून उतारूंना वांकून नमस्कार करतात. चालक प्रत्येक सिग्नलाकडे बोट दाखवून त्याची स्थिति मोठ्यानें उच्चारतो. परक्यास तो पोरखेळ वाटतो; पण बोट, डोळा, वाणी व कान एकाच वस्तूवर लावल्यानें चुका सुमारें एक षष्ठांशावर येतात, असें रेल्वेच्या संशोधनसंस्थेस १९९४ सालीं आढळलें. २०१७ सालीं तोक्योनजीकच्या एका कंपनीनें गाडी वीस सेकंद आधीं सुटल्याबद्दल उतारूंची क्षमा मागितली होती.

या वक्तशीरपणाची दुसरी बाजू २५ एप्रिल २००५ रोजीं आमागासाकी येथें दिसली. ती गाडी वेगवान मार्गावरील नव्हे, साधी लोकलच होती. तेवीस वर्षांच्या चालकाच्या हातून मागील स्थानकीं गाडी फलाटापुढें गेली व सुमारें दीड मिनिट उशीर झाला. उशीर करणाऱ्यास त्या कंपनींत ‘पुनःशिक्षण’ या नांवाखालीं दिवसचे दिवस निबंध लिहावयास लावीत व टाकून बोलत. या चालकानें तें पूर्वीं भोगलें होतें. ताशीं ७० किलोमीटरांच्या वळणावर तो सुमारें ११६ च्या वेगानें शिरला. गाडी शेजारच्या चाळीसारख्या उंच इमारतीवर आदळली, आणि चालकासह १०७ माणसें मेलीं. चौकशी मंडळानें त्या शिक्षेच्या धाकाकडेही बोट दाखविलें. कंपनीनें पुढें वेळापत्रकांत सवड ठेवली, वळणावर वेग आवरणारें यंत्र बसविलें, आणि त्या इमारतीचे खालचे मजले तसेच राखून २०१८ सालीं तेथें स्मारक केलें.