कष्टाचं अंग – भाग ७ : लावणीतली कंबर

मागच्या भागात शिलाई मशीनवर बसणाऱ्यांच्या पाठीबद्दल लिहिलं होतं. सध्या कोकणात लावण्या ऐन भरात आहेत, तेव्हा या आठवड्यात खाचरात उतरू.

चिखळणी झालेल्या खाचरात लावणी करणाऱ्या बाईकडे थोडा वेळ नीट पाहा. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताच्या बोटांनी त्यातल्या तीन-चार काड्या सुट्या करायच्या, चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे सरकायचं. पाठीवर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि कंबरेतून अंग पार दुमडलेलं. जुन्या जाणत्या बाईचा डावा कोपर बहुतेक वेळा गुडघ्याच्या जरा वर, मांडीवर टेकलेला दिसतो. त्या टेकूतून धडाचं काही वजन मांडीवर उतरतं आणि कंबरेवरचा ताण तेवढा कमी होतो. पहिल्यांदाच लावणीला आलेल्या मुलीला रोपं किती अंतरावर लावायची हे सगळे सांगतात. कोपर टेकायचं कुणीतरी सांगायला हवं, आणि मूठ अधूनमधून दुसऱ्या हातात घ्यायचंही.

वाकणं वाईट, असं आपण सरसकट म्हणतो. पण कणा वाकण्यासाठीच घडलेला आहे. त्रास होतो तो तासन्‌तास तसंच वाकून राहिल्यानं. आपण वाकायला लागतो तेव्हा कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू धडाला तोलून धरतात. अगदी खाली वाकलं की मात्र हेच स्नायू जवळजवळ काम थांबवतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी १९५०च्या दशकात स्नायूंमधले विद्युतसंकेत मोजून हे दाखवलं होतं. त्यानंतर धडाचा भार पडतो मणक्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या अस्थिबंधांवर आणि मधल्या गाद्यांवर. अस्थिबंध न बोलता ताणत जातात, म्हणून वाकलेलं असताना फारसं दुखत नाही. कळ येते ती सरळ होताना.

ते पूर्ववत व्हायलाही वेळ घेतात. कॅनडात मॅकगिल आणि ब्राउन यांनी १९९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना २० मिनिटं पूर्ण वाकवून ठेवलं होतं. सरळ झाल्यावर पहिल्या २ मिनिटांत कंबरेतला निम्मा सैलपणा गेला, पण थोडा अर्ध्या तासानंतरही शिल्लक होता. म्हणजे वाकून उठल्यावर लगेच ओझं उचलू नये. लावणीत नेमकं याच्या उलट वागलं जातं. मूठ संपली की बाई उठते आणि त्याच पावली रोपांचा भारा उचलायला जाते. अस्थिबंध सैल असतात त्याच क्षणी कंबरेवर सगळ्यात मोठा भार येतो. उसण भरते ती अशा वेळी. म्हणून उठल्यावर आधी दोन मिनिटं उभं राहावं, चार पावलं चालावं आणि मगच भाऱ्याला हात घालावा. जमलं तर भारे पोचवायचं काम त्या वेळी लावणी न करणाऱ्या माणसाकडे असावं.

चहाच्या सुट्टीचंही तसंच. बांधावर उकिडवं बसून चहा घेतला की पायांना विसावा मिळतो, कंबर मात्र वाकलेलीच राहते. चहा उभ्यानं घ्यावा. दोन्ही तळहात कंबरेवर मागून ठेवून, गुडघे ताठ ठेवून, जमेल तेवढं मागे झुकावं आणि परत सरळ व्हावं, असं पाच-सहा वेळा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हे केलं तर लावणीचा वेळ फारसा जात नाही. दुखायला लागायची वाट पाहू नये, कारण तोवर ताण पडून गेलेला असतो.

इथे मला मालकांना आणि घरच्या कर्त्या माणसांना सांगायचं आहे. उक्त्यावर काम दिलं की कोणतीच बाई आपणहून थांबत नाही. थांबायची वेळ काम देणाऱ्यानं ठरवावी. तरवा काढणं, पोचवणं आणि लावणं ही कामं दिवसभरात आलटून पालटून वाटता येतात. बेणणीला उभ्यानं चालवायचं कोनो विडर वापरता येतं. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यांवर टोकणी असते, त्यामुळे चिखळणी आणि लावणी दोन्ही टळतात. त्या पद्धतीच्या शेतीविषयक बाजूंवर जाणकारांनी बोलावं. कंबरेच्या दृष्टीनं तिचं मोल मोठं आहे.

घरी आल्यावर जमिनीवर पाठ टेकून निजावं, पोटऱ्या खाटेवर किंवा खुर्चीवर ठेवाव्यात आणि दहा मिनिटं तसंच पडावं. गरम पाण्याच्या पिशवीनं आराम पडतो. मात्र त्या संध्याकाळी बुटक्या केरसुणीनं घर झाडायचं आणि मोरीत वाकून भांडी घासायची, तर शेतातलं वाकणं घरात तसंच चालू राहतं. ही कामं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलावीत.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत अजून आहे. साधी उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. हलका पाय लावण्यानं बिघडत नाही. पण वय झालेल्या बाईच्या ठिसूळ हाडांवर लाथ बसली तर मणका मोडू शकतो. उपाशीपोटी रोज वेदनाशामक गोळी घेणंही टाळा, जठराला आणि मूत्रपिंडांना ती महाग पडते. आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळून राहण्याचाही उपयोग नाही. हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास १९९५मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर धरलेल्यांपैकी झेपेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे अंथरुणात पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले होते. पट्ट्याचंही तेच. जुनाट कंबरदुखीत कंबरपट्टा सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे.

काही लक्षणं असताना मात्र लावणी आटपायची वाट पाहू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि वजनातली घट असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाचे उपचार मोफत मिळतात.

(पुढील भाग : डोक्यावरचं ओझं आणि मान)