ऑनलाइन खरेदी मध्येच अडते तेव्हा

शाळा सुरू होण्याच्या दिवसांत एक निवृत्त शिक्षिका आमच्या कार्यालयात आल्या. नातवासाठी एका ऑनलाइन दुकानातून त्यांनी तीन पुस्तके निवडली होती. टोपलीत पुस्तके दिसत होती. पण पैसे भरण्याची कळ दाबताच ‘टोपली रिकामी आहे’ असा संदेश येत असे. तिसऱ्या प्रयत्नात बँकेचे पान उघडले, रक्कम खात्यातून वजा झाली आणि दुकानाच्या पानावर परतताच पुन्हा तोच संदेश. ऑर्डरची पोच नाही. ‘‘फादर, पुन्हा पैसे भरू का?’’ त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, ‘‘बाई, आधी थांबा.’’

आम्ही तेच दुकान त्यांच्याच मोबाइलवर खाजगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, उघडून पाहिले. तेथे सारे सुरळीत चालले. याचा अर्थ दोष बहुधा दुकानात नव्हता. तो बाईंच्या ब्राउझरने जपून ठेवलेल्या जुन्या माहितीत होता.

अशी माहिती साठवली तरी का जाते? वेबच्या मूळ रचनेत स्मरणशक्ती नाही. आपण एका पानावरून दुसऱ्यावर गेलो की दुकानाच्या लेखी आपण पुन्हा अनोळखी ठरतो. नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या तंत्रज्ञाने १९९४ साली यावर तोड काढली, ती ‘कुकी’. निमित्तही ऑनलाइन दुकानाच्या टोपलीचेच होते; अर्धवट खरेदीची नोंद दुकानाच्या संगणकावर न ठेवता ग्राहकाच्याच संगणकावर ठेवावयाची होती. आज कुकीत बहुधा केवळ एक क्रमांक असतो. दवाखान्यात नंबराची चिठ्ठी मिळते, तशीच ही चिठ्ठी. दुकानाने आपल्याकडील नोंद पुसली आणि चिठ्ठी मात्र आपल्या खिशात राहिली, की ओळख पटत नाही.

कुकीसोबत आणखी दोन साठे असतात. चित्रे व पान चालविणाऱ्या आज्ञावल्या पुन्हा पुन्हा उतरवाव्या लागू नयेत म्हणून ब्राउझर त्यांची प्रत ठेवतो, ती ‘कॅश’. आणि ‘लोकल स्टोरेज’ नावाच्या कप्प्यात कित्येक दुकाने टोपलीचा तपशील ठेवतात; या कप्प्यातील मजकुराला मुदत नसते, कोणी पुसेपर्यंत तो राहू शकतो. दुकानदाराने आपली यंत्रणा बदलली आणि आपल्याकडे जुनी आज्ञावली राहिली, तर दोघांची भाषा जुळत नाही. एसटीचे वेळापत्रक बदलले, पण गावच्या थांब्यावर जुनाच कागद चिकटलेला, अशी ती अवस्था. मग जुनी किंमत दिसते, संपलेली वस्तू टोपलीत राहते, कळ दाबूनही काही घडत नाही.

दुरुस्ती सोपी आहे, पण तिच्याआधी पैशांची चौकशी व्हावी. बँकेचे खाते पाहावे, दुकानाच्या ‘माझ्या ऑर्डर्स’ या पानावर नोंद झाली आहे का तेही खाजगी खिडकीतून प्रवेश करून पाहावे, आणि व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवावा. रक्कम वजा झाली, पण दुकानाला पुष्टी पोहोचली नाही, अशा कार्ड व यूपीआय व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नियम घालून दिला आहे : व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यावी, त्याहून विलंब झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई. बाईंची रक्कम चौथ्या दिवशी परत आली. त्यांनी घाईने पुन्हा पैसे भरले असते, तर कोणती रक्कम कशाची हे उलगडण्यातच महिना गेला असता.

आता दुरुस्ती. संगणकावर प्रथम कंट्रोल, शिफ्ट आणि आर या तीन कळा एकत्र दाबाव्यात. पान नव्याने उतरते. तेवढ्याने भागले नाही तर त्या एकाच दुकानाचा साठा पुसावा. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर बोट ठेवले की त्या संकेतस्थळाची माहिती उघडते; तेथील ‘कुकीज आणि साइट डेटा’ यात पुसण्याची सोय आहे. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली संकेतस्थळांची यादी मिळते. अँड्रॉइडवर दुकानाचे ॲप असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या ‘स्टोरेज’मध्ये जाऊन आधी केवळ ‘क्लिअर कॅश’ करावे. त्याशेजारील डेटा पुसण्याची कळ ॲपमधून आपल्याला बाहेर काढते. ती नंतरचा उपाय.

ब्राउझरमधील सगळेच पुसून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. आम्हांला तो पटत नाही. एका खोलीतील जाळे काढण्यासाठी घर रिकामे करण्याचा हा प्रकार. सर्व संकेतस्थळांतून आपण बाहेर पडतो आणि मग पासवर्ड शोधत बसावे लागते. एका दुकानाचा साठा पुसल्यावरही तेथे पुन्हा प्रवेश करावा लागेल, टोपलीही कदाचित पुन्हा भरावी लागेल. म्हणून वस्तूंची नावे आधी लिहून घ्यावीत. खाजगी खिडकीतही तोच दोष दिसला, तर मात्र पुसापुशी थांबवावी. बिघाड बहुधा दुकानाकडेच आहे.

अशा वेळी गोंधळलेला ग्राहक मदतीचा दूरध्वनी क्रमांक महाजालावर शोधतो, आणि तेथेच ठक टपलेले असतात. क्रमांक दुकानाच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरूनच घ्यावा. पैसे परत मिळविण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

आमच्या वाचकांपैकी काही जण लोणची, केक, हस्तकलेच्या वस्तू स्वतःच्या संकेतस्थळावर विकतात. त्यांनी टोपलीचे व पैसे भरण्याचे पान कॅशमध्ये साठवू न देण्याची व्यवस्था आपल्या तंत्रज्ञाकडून करून घ्यावी, आज्ञावली बदलली की फाइलचे नावही बदलावे, आणि किंमत ग्राहकाच्या ब्राउझरवर विसंबून न घेता आपल्या नोंदीतून पुन्हा तपासावी. एवढे केले तर ‘तुमची कॅश साफ करा’ असे गिऱ्हाइकाला सांगण्याची वेळ सहसा येत नाही.