संग्रहालयाचे दार आणि आपली माणसे

गेल्या महिन्यात आम्ही वस्तीतील वीस-बावीस मुलांना घेऊन फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहायला निघालो. तेव्हा एका आईने विचारले, “वकीलसाहेब, तिथं आपल्यासारख्यांना आत सोडतात का?” प्रश्न साधा होता, पण त्यामागे शतकानुशतकांची बंद दारे उभी होती.

हे संग्रहालय १९२२ साली जनतेसाठी खुले झाले. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, रावबहादूर बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे मान्य केले. तरीही महाडच्या तळ्याचे पाणी प्यायला बाबासाहेबांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. ठराव कागदावर राहतो. हक्क बजावला तरच तो हक्क. आज राज्यघटनेच्या कलम १५(२) नुसार सार्वजनिक ठिकाणी जात पाहून कोणालाही अडविता येत नाही. मग आपणच दाराबाहेर का थांबावे?

आत सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तो १८८२ साली सोपाऱ्यात सापडला. “सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा? माझी मावशी तिथंच राहते!” एक मुलगी ओरडली. होय, तेच! तो तुकडा आठव्या आज्ञेचा. पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला बाहेर पडत. अशोकाने ते सोडून धम्मयात्रा सुरू केली, खेड्यापाड्यांतील माणसांना भेटू लागला, असा तिचा आशय. लोकलने रोज जाता-येता ज्या गावाचे नाव आपण ऐकतो, त्या मातीत हा इतिहास होता, हे शाळेत त्या मुलीला कोणी सांगितले नव्हते.

भायखळ्याच्या राणीबागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या नाना जातिजमातींच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. पोशाख, पगडी, धंदा यांवरून माणूस ओळखायचा! त्या जरूर पाहाव्यात आणि मुलांना विचारावे, माणसाची ओळख एवढीच का? वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात तर मुलांनी स्वतः यंत्र फिरवून पाहायचे असते. तिथे पोथी चालत नाही, प्रयोग चालतो. कलम ५१-अ मधील वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य मुलांना याहून सोपे करून कोण सांगणार?

तिकिटाचा आणि प्रवासाचा खर्च मजुराच्या घराला जड जातो, हे खरे आहे. फोर्टच्या संग्रहालयाने २०१५ पासून बसमधून फिरते संग्रहालय सुरू केले. आपल्या मंडळांनी अशी बस वस्तीत बोलावण्यासाठी अर्ज करावा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेऐवजी मुलांची एक सहल काढावी.

परतताना तीच मुलगी आईला सांगत होती, “आई, पुढच्या वेळी तू पण चल. कोणी अडवत नाही.”

त्या आईला आता आपण घेऊन जायचे आहे.